सात वर्षांचा आरोपी आणि कायद्यातली दोन बालपणे

सावेडीतल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मध्यंतरी एका प्रश्नावरून दोन तास वाद झाला. विषय होता बालकांवर गुन्ह्याचा आरोप ठेवण्याचे किमान वय वाढवण्याचा. एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "चौदा-पंधरा वर्षांची पोरं कोयते घेऊन फिरतात. उद्या आपल्याच वस्तीत घुसून मारहाण करतील. आणि तुम्ही म्हणता, वय वाढवा? मग आपल्या माणसाला न्याय कुठून मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. अत्याचार सोसणाऱ्या समाजातून तो येणारच. पण त्या दिवशी वर्गात बसलेल्या पंचवीस-तीस जणांपैकी एकालाही आपल्या देशात हे किमान वय किती आहे ते ठाऊक नव्हते. कोणी अठरा म्हणाले, कोणी सोळा, एकाने चौदा सांगितले. खरे उत्तर आहे सात. वयाची सात वर्षे पूर्ण झालेल्या, म्हणजे दुसरीत शिकणाऱ्या लेकरावर या देशात गुन्ह्याचा आरोप ठेवता येतो.

हा आकडा आला कुठून, तो टिकला कसा आणि त्याची झळ कोणाच्या लेकरांना बसली, हे इतिहासात जाऊन पाहिल्याशिवाय त्या कार्यकर्त्याला उत्तर देता येणार नाही. म्हणून हा लेख.

सात हा आकडा कुणाचा?

भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ८२ ने सांगितले की सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम ८३ ने पुढे सांगितले की सात ते बारा वयाच्या बालकाला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज आलेली नसेल, तर तेही कृत्य गुन्हा नाही. बाराच्या पुढे मात्र समज आली आहे असे धरूनच चालायचे. मॅकॉलेच्या विधी आयोगाने हा सात आकडा इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून उचलला होता. इथल्या लेकरांचा विचार करून कोणी तो ठरवला नव्हता.

ज्यांचा तो आकडा होता, त्या इंग्लंडने १९३३ साली सातचे आठ केले आणि १९६३ साली आठचे दहा केले. आपल्या शेजाऱ्यांनीही तो बदलला. पाकिस्तान आणि बांगलादेशात आपलीच १८६० ची संहिता चालते. बांगलादेशाने २००४ साली किमान वय सातवरून नऊ केले, पाकिस्तानने २०१६ साली सातवरून दहा केले. श्रीलंकेने २०१८ साली आठवरून बारा केले. जर्मनी आणि जपानमध्ये ते चौदा आहे, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये पंधरा.

आणि भारत? १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. वसाहतवादी कायदे गाडून टाकले, गुलामीच्या खुणा पुसल्या, असा डंका देशभर पिटला गेला. आम्ही नवी संहिता उघडून पाहिली. कलम २० मध्ये सात, कलम २१ मध्ये सात ते बारा. कलमांचे क्रमांक बदलले, मॅकॉलेचा आकडा जागेवरच राहिला. राणीच्या राज्यातला हा आकडा पुसायला या राष्ट्रवाद्यांना सवड झाली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यतेची मोहोर उमटवली. त्या संहितेच्या कलम ४० नुसार प्रत्येक राष्ट्राने असे किमान वय ठरवायचे आहे. तिच्या समितीने २००७ साली सांगितले की बाराच्या खालचे वय मान्य होण्यासारखे नाही आणि २०१९ साली सुचवले की ते किमान चौदा असावे. भारताचे सात हे वय फार कमी आहे, असे समितीने २००० सालीच आपल्या सरकारला लेखी कळवले होते. पाव शतक उलटून गेले.

कोणी म्हणेल, बाल न्याय कायदा आहे ना? आहे. त्या कायद्यामुळे अठराखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पण ते मूल आरोपी होतेच. पोलीस, मंडळ, निरीक्षणगृह हा सगळा फेरा त्याच्यामागे लागतो. किमान वयाचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कोणत्या वयापर्यंत मुलाच्या हातून घडलेल्या कृत्याकडे गुन्हा म्हणून पाहायचेच नाही, तर त्याला काय हवे आहे, त्याच्या घरात काय चालले आहे हे पाहायचे, असा तो प्रश्न आहे.

मांडव्याची गोष्ट

आमच्या वर्गात एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांनी महाभारतातल्या मांडव्य ऋषीची कथा काढली. आदिपर्वात ती आहे. चोरीच्या खोट्या आरोपावरून मांडव्याला सुळावर चढवले जाते. तो धर्माला, म्हणजे यमाला जाब विचारतो की माझे पाप कोणते? यम सांगतो, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य संतापतो, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? आणि तो नियम घालून देतो की चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही.

शिक्षक म्हणाले, "बघा, आपल्या परंपरेत चौदा वर्षांची मर्यादा आधीपासून आहे."

आम्ही म्हणालो, गुरुजी, पुढचे सांगा. त्याच दमात मांडव्य यमाला शाप देतो की तू शूद्राच्या योनीत जन्म घेशील. तोच विदुर. म्हणजे ब्राह्मणाच्या लेकराचे बालपण ज्या कथेत मान्य होते, त्याच कथेत शूद्र म्हणून जन्माला येणे ही सर्वांत मोठी शिक्षा आहे. एका बाळाला चौदा वर्षांची माफी, दुसऱ्याचा जन्म हीच शिक्षा. कायद्यात दोन बालपणे कशी नांदतात, हे त्या एका कथेत सापडते. मनुस्मृतीने एकाच गुन्ह्याला वर्णानुसार वेगवेगळ्या शिक्षा सांगितल्या. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन केले ते याचसाठी. एकाला जन्मामुळे सूट आणि दुसऱ्याला जन्मामुळे शिक्षा, हा न्याय होऊ शकत नाही.

एकाच वर्षी दोन कायदे

इंग्रज आले, कायद्यापुढे सगळे समान झाले, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. दंड संहितेपुरते ते काही अंशी खरेही आहे. पण दंड संहितेनंतर अकरा वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. तो मांडताना सरकारी बाजूने जो युक्तिवाद झाला तो आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होतो, असा तो युक्तिवाद. ही भाषा लंडनमधून आलेली नव्हती. जन्माने धंदा ठरतो हे तर्कशास्त्र गोऱ्या साहेबाने मनूकडूनच उसने घेतले आणि त्यावर सरकारी शिक्का मारला.

हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याचा विस्तार होऊन तो मुंबई इलाख्यातही राबवला गेला. पारधी, कैकाडी, भामटा, मांगगारुडी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती त्याच्या जात्यात भरडल्या. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, गाव सोडायला पास. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' कादंबरी याच हजेरीच्या जाचाविरुद्ध उभी राहते आणि ती त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली, ते उगाच नाही.

या कायद्यात मुलांचे काय झाले? इथे दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिले वर्ष १८९७. त्या वर्षी सरकारने सुधारशाळांचा नवा कायदा केला. पंधरा वर्षांखालील मुलगा गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला तुरुंगात न धाडता शाळेत पाठवावे, असा त्याचा उद्देश. मूल हे मूल असते, ते सुधारू शकते, हे तत्त्व सरकारने मान्य केले. त्याच १८९७ साली गुन्हेगार जमाती कायद्यात दुरुस्ती झाली. तिने सरकारला अधिकार दिला की या जमातींच्या चार ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवता येईल. चार वर्षांचे लेकरू! दंड संहिता म्हणते सात वर्षांखालच्या बालकाचा गुन्हा होऊच शकत नाही. पण पारध्याच्या चार वर्षांच्या लेकराला उचलून न्यायला गुन्हा लागतच नव्हता. आरोप नाही, खटला नाही, पुरावा नाही. जमात पुरेशी होती.

दुसरे वर्ष १९२४. त्या वर्षी मुंबई इलाख्याचा बालक कायदा झाला. तोपर्यंत मुलांना वेताचे फटके मारण्याची शिक्षा सर्रास होती, फटक्यांचा कायदा देशातून गेला तो थेट १९५५ साली. अशा काळात मुंबईच्या कायद्याने चौदा वर्षांखालील 'बालक' आणि चौदा ते सोळा वयाची 'तरुण व्यक्ती' असे वर्ग केले, मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाची वाट मोकळी केली. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. इतिहासाच्या पुस्तकांत या कायद्याचे पुरोगामी म्हणून कौतुक होते, ते योग्यच आहे. पण त्याच १९२४ साली गुन्हेगार जमाती कायदाही नव्याने मंजूर झाला. त्याच्या कलम १७ नुसार सरकार सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत टाकू शकत होते.

म्हणजे मुंबई इलाख्यात एकाच वर्षी, एकाच सरकारच्या राज्यात, दोन बालपणे होती. मुंबईतल्या एखाद्या कारकुनाच्या मुलाने चोरी केली तर कायदा विचारणार की हा किती वर्षांचा आहे, याला कळत होते का, याला सुधारता येईल का? सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या कैकाड्याच्या मुलाने काहीच केले नाही तरी कायदा विचारणार की हा कोणाचा आहे?

आमच्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. किमान वय हा नुसता आकडा नाही. त्यात आधी हे ठरते की मूल कोणाला म्हणायचे. आणि या देशात ते वयावरून कमी, जन्मावरून जास्त ठरले.

बाबासाहेब आणि स्टार्ट कमिटी

सेटलमेंटचा हा कारभार पाहणारे अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. विजापूर, सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे गिरण्यांत राबत आणि परत हजेरीला तारेच्या आत येत. १९२८ साली मुंबई सरकारने दलित वर्ग आणि आदिम जमातींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट. आणि तिचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. पी. जी. सोळंकी, शिवाय अ. वि. ठक्कर. १९३० साली अहवाल आला. अस्पृश्य आणि आदिम जमाती यांचा प्रश्न सरकारदरबारी एकत्र मांडला जाताना बाबासाहेब त्या टेबलावर होते, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

पुढे १९४८ साली 'दि अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तीन समाजगट शेजारी ठेवले. सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिवासी आणि पाच कोटी अस्पृश्य. जी संस्कृती असे तीन वर्ग निर्माण करते तिला संस्कृती म्हणायचे का, असा त्यांचा सवाल होता. त्या तीन वर्गांना त्यांनी एका ओळीत बसवले. आपण मात्र आज अनेकदा पारध्याच्या पोराचा प्रश्न हा 'त्यांचा' प्रश्न मानतो. ही आपली चूक आहे. ती आम्हीही केली आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. विमुक्त दिन म्हणून तो साजरा होतो. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमात हा शब्द गेला, संशयाची नजर तीच राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ साली आणि रेणके आयोगाने २००८ साली हे सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली.

वय कोण लिहितो?

आता आपल्या नगर जिल्ह्यात येऊ. काही वर्षांपूर्वी एक पारधी आई आमच्याकडे आली. चोरीच्या संशयावरून तिच्या मुलाला उचलले होते आणि अटकेच्या कागदावर त्याचे वय एकोणीस लिहिले होते. आम्ही विचारले, "मावशे, पोरगा कधीचा?" ती म्हणाली, "दुष्काळात जनावरांच्या छावण्या लागल्या व्हत्या नव्हं, तवाचा." जन्मदाखला नव्हता, आधार कार्डावर अंदाजाचे वय. शोधता शोधता कळले की तो दोन वर्षे एका आश्रमशाळेत होता. तिथले जनरल रजिस्टर काढायला लावले. त्यात त्याची जन्मतारीख होती, १ जून. आपल्याकडे गुरुजींनी कित्येक लेकरांना हीच जन्मतारीख दिली आहे. पण त्या नोंदीप्रमाणे तो सोळा वर्षांचा होता. ती नोंद सापडेपर्यंत पोरगा कित्येक आठवडे मोठ्यांच्या तुरुंगात राहिला. कायद्याने त्याला तिथे एक रात्रही ठेवता येत नव्हते.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. क्रम चांगला आहे. पण पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोड कामगाराचे लेकरू उसाच्या फडावर जन्मते, वीटभट्टीवरचे भट्टीजवळ, पारध्याचे पालावर. त्याच्याकडे यातला कोणता कागद असतो? कागद नसला की वय पोलीस लिहितात. आणि एकदा लिहिलेले वय खोडायला किती काळ लागतो?

अठ्ठावीस वर्षे लागू शकतात. १९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. भयंकर गुन्हा होता. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीवर प्रौढ म्हणून खटला चालला, १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पुढे त्याच्या गावातल्या शाळेचे रजिस्टर समोर आले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. बाल न्याय कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षे तुरुंगात होता, त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ज्याची फाशी कायम केली ते एक बारा वर्षांचे पोर होते, हे कळायला इतकी वर्षे गेली, कारण त्याच्या वतीने वयाचा प्रश्न वेळेवर विचारणारे कोणी नव्हते.

याच्या शेजारी पुण्याचेच दुसरे प्रकरण ठेवा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. चालवणारा सतरा वर्षांचा, बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा. काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप उसळला, आम्हीही संतापलो. रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले, डॉक्टरांना अटक झाली. पण त्या संतापात एक गोष्ट निसटली. त्या मुलाचे वय किती, यावर कोणीही शंका घेतली नाही. त्याच्याकडे कागद होते, वकील होता, बाप होता. बाल न्याय कायदा त्याच्यासाठी पहिल्या तासापासून जागा होता. आमची तक्रार तो कायदा त्याला लागू झाला याबद्दल नाही. पारध्याच्या पोराला तोच कायदा शाळेचे रजिस्टर शोधून आणावे लागते तेव्हा कुठे लागू होतो, याबद्दल आहे. पैसा वापरून कोणी पुरावा बदलत असेल तर तो मोठ्या माणसांचा गुन्हा आहे, त्यांना शिक्षा करा. त्यासाठी मुलांचे संरक्षण काढून घेतले तर फटका बंगल्यातल्या मुलाला बसणार नाही.

२०१५ साली नेमके हेच झाले. दिल्लीतल्या २०१२ च्या अमानुष बलात्काराच्या प्रकरणात एक आरोपी अठराच्या आतला होता. वय खाली आणा, अशी मागणी झाली. न्या. वर्मा समितीने २०१३ साली विचार करून नकार दिला. तरीही २०१५ चा कायदा झाला आणि निर्घृण गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवण्याचे दार उघडले. मंडळाने आधी मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद तपासायची. आता विचार करा, सातव्या वर्षापासून भंगार वेचणारा, बापाला जामीन मिळवून देण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा मुलगा त्या तपासणीत कसा दिसेल? 'समजदार'. गरिबीने अकाली आणलेले शहाणपण त्याच्याविरुद्ध पुरावा होते.

मग आपल्या माणसाला न्याय?

आता त्या तरुण कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या आपल्या विद्यार्थ्याचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ते अल्पवयीन होते म्हणून सुटले का? नाही. साक्षीदार एकामागून एक उलटले म्हणून सुटले. तिथे न्याय हरला तो साक्षीदारांना संरक्षण नव्हते, गावाची दहशत होती म्हणून. बालकांचे वय कमी करून त्या साक्षीदारांच्या तोंडून शब्द निघाला असता का?

राहता राहिली कोयता घेणारी पोरे. कोयता त्यांच्या हातात देतो कोण? गल्लीतला भाई, निवडणुकीतला पुढारी, खंडणीवाला. अल्पवयीन आहे, लवकर सुटेल, हा हिशेब तो करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार बालकाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त दहा वर्षे शिक्षा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्येही सात वर्षांपर्यंतची तरतूद आहे. तुमच्या पोलीस ठाण्यात ही कलमे किती वेळा लागली, हा प्रश्न कधी विचारला आहे का? आम्ही स्वतः तो आता विचारायला शिकलो. मोर्चा काढायचा तर या प्रश्नावर काढू.

आणि भीतीचे प्रमाणही तपासू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरात अठ्ठावन्न लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे आहेत, त्यांत अल्पवयीनांवरची प्रकरणे सुमारे तीस हजार. शंभरात एकही नाही. चौदाखालची तर त्यातलीही थोडी.

किमान वय चौदा करणे म्हणजे तेराव्या वर्षीच्या मुलाने काहीही केले तरी दुर्लक्ष करणे नव्हे. त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावे, समुपदेशन द्यावे, शाळेत परत आणावे, घरात मारहाण असेल तर ती थांबवावी, ज्याचे नुकसान झाले त्याला शासनाने भरपाई द्यावी. एवढेच की त्याच्या कपाळावर 'आरोपी' हा शब्द लिहू नये. हा शब्द पुसला जात नाही, हे ज्यांच्या आजोबांच्या कपाळावर तो जन्मतःच लिहिला गेला त्यांना विचारा.

बुद्धाने कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले. कृत्यामागची समज आणि इच्छा पाहिल्याशिवाय दोष ठरत नाही. माणसे मारत सुटलेल्या अंगुलिमालालाही धम्माने बदलण्याची वाट दिली, तो तर प्रौढ होता. मग बारा वर्षांच्या पोराच्या बदलण्यावर आपला विश्वास नसेल, तर आपण वंदना कशाची म्हणतो?

आमची मागणी आम्ही स्पष्ट मांडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० मधले सात हे वय चौदा करा. २०१५ च्या कायद्यातली सोळा-सतराच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवण्याची तरतूद काढा. सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा. आणि अटकेच्या वेळी वयाचा कागद नसेल तर वय ठरेपर्यंत त्या मुलाला बालक मानणे पोलिसांवर बंधनकारक करा.

पण संसदेची वाट पाहत बसण्याची आपल्याला गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखला हाच आधार धरला जाणार आहे. ज्याच्याकडे तो नाही त्याचे बालपण उद्या कागदावर सापडणारच नाही. म्हणून सावेडीच्या अभ्यासवर्गाने ठरवले आहे की यंदा भीमजयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा डीजेवर जाणार नाही. त्यातून पालावर, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांत जाऊन जन्मनोंदी करून घ्यायच्या, उशिराच्या नोंदीसाठी अर्ज भरायचे, शाळेच्या जनरल रजिस्टरच्या नकला काढून घरात ठेवायला सांगायचे. प्रश्न विचारणाऱ्या त्या कार्यकर्त्यानेच पहिले नाव दिले. तो अजून आमच्याशी सगळ्या बाबतीत सहमत नाही, वाद पुढच्या रविवारीही होणार आहे. पण नोंदीचे रजिस्टर त्याच्याकडेच आहे.

आपापल्या गावात, वस्तीत तुम्हीही एक रजिस्टर उघडा.

जय भीम!